चेहऱ्याची भरपाई

माळशिरस तालुक्यात उन्हाळा चढला की विहिरींची कामं निघतात. नीरा उजव्या कालव्याचं पाणी ज्यांच्या बांधापर्यंत येतं, त्यांनाही आवर्तन लांबलं की धास्ती असते; आणि रानात ऊस उभा आहे म्हटल्यावर पाण्याशी तडजोड चालत नाही. श्रीपूर हे तर उसावरच वाढलेलं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढलं, इथं साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वस्ती जमली. पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचा पत्ताही श्रीपूरचाच. गळीत संपतं, ऊसतोड टोळ्या गावाकडं निघतात आणि मग विहिरीवर दगड-माती वर काढणारी यारी बसते, कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येतो. काम परसावर, म्हणजे खोलीच्या मापावर ठरतं. खडकात होल मारायची, त्यात जिलेटिनच्या कांड्या आणि केप भरायची, वायरी जोडायच्या, माणसं-जनावरं लांब करायची आणि बार उडवायचा.

बार उडतो तेव्हा खोदकामावरची जाणती माणसं कानांवर हात ठेवत नाहीत. ती मोजत असतात. किती होल भरली आणि किती वाजली, याचा मेळ बसला तर ठीक. एक कमी वाजलं तर त्या विहिरीत उतरायचं नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. पण रोजंदारी बुडत असते, यारीचं भाडं चढत असतं, मालक काठावर उभा असतो आणि सगळे बार एकदम उडाले की एखादा कमी वाजलेला कानाला कळतही नाही. मग कुणीतरी खाली उतरतो. न उडालेला बार कुठं आहे हे बघायचं म्हणजे त्याच्यावर वाकावं लागतं. वाकलेल्या माणसाचं त्या बाराच्या सगळ्यांत जवळ काय असतं? त्याचा चेहरा आणि त्याचे हात.

स्फोटाच्या जखमांमध्ये चेहरा आणि हात ही जोडी इतक्या वेळा एकत्र का सापडते, याचं उत्तर एवढंच आहे. विहिरीचा सुरुंग असो, दिवाळीतला फुसका ठरलेला सुतळी बॉम्ब असो किंवा पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून केलेली बंदूक असो, घात करतो तो न वाजलेला बार. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. ठिणगी देऊनही तो पेटला नाही की पोरगं पाइपाच्या तोंडाला डोळा लावून आत बघतं. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागात शंभराहून अधिक जणांच्या, त्यातही बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना या बंदुकीनं इजा केली. आपल्याकडं पाखरं आणि वानरं हुसकायला शेतात हीच बंदूक वाजते.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक प्रकार आहे. रानडुकरं मारायला आमिषात दारू भरून ठेवलेले गावठी बॉम्ब. डुकराच्या आधी बांधावर चरणारी गाय ते चावते आणि तिचा जबडा जातो. कधी एखादं लेकरू ते उचलतं. फटाक्यांच्या कारखान्यांचं तर वेगळं सांगायला नको. १ जानेवारी २०२३ ला आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातल्या पांगरी-शिराळे भागात अशा कारखान्यात स्फोट झाला आणि रोजंदारीवर आलेल्या बायका त्यात गेल्या. अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा येतो. जखमींचा येतो तोही एकाच ओळीत. त्या ओळीतली माणसं पुढं कशी जगली, त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं, हे छापून येत नाही. हा लेख त्या माणसांवर होणाऱ्या उपचारांबद्दल आहे.

पहिला तास श्वासाचा असतो. खालचा जबडा पुढून फुटला की जिभेला पुढं धरून ठेवणारा आधारच जातो. माणसाला उताणं झोपवलं की जीभ मागं पडते, घशात रक्त साचतं आणि रक्तस्रावानं नव्हे, गुदमरून माणूस जातो. पहिल्या महायुद्धात विल्यम केल्सी फ्राय या दंतवैद्यानं हे डोळ्यांनी पाहिलं. जबडा उडालेल्या एका सैनिकाला त्यानं चालवत, मान पुढं झुकवून, मागच्या मदतकेंद्रात आणलं. तिथं त्याला स्ट्रेचरवर उताणं निजवलं आणि थोड्याच वेळात तो गेला. चालत आलेला माणूस झोपवल्यामुळं मेला. त्यानंतर फ्रायनं हा धोशाच लावला की जबड्याच्या जखमीला बसवा, पुढं वाकवा, तोंडातलं रक्त जमिनीवर पडू द्या.

शंभर वर्षांनंतरही आपल्या गावात काय होतं? जखमीला जीपच्या मागच्या सीटवर आडवं टाकतात, डोकं कुणाच्या तरी मांडीवर, तोंडावर टॉवेल दाबलेला. माणसांच्या मनात माया असते, म्हणून तर झोपवतात. पण बसता येत असेल तर त्याला बसवूनच न्यायला हवं. बसता येत नसेल तर कुशीवर, तोंड खाली करून. डोळ्याला इजा असेल तर तो चोळायचा नाही, त्यावर बोळा दाबायचा नाही. कागदी पेला उपडा ठेवून पट्टीनं धरला तरी पुरतं. हळद, टूथपेस्ट, शाई काहीही लावायचं नाही. पडलेला दात दुधात घालून सोबत न्यायचा, तुटलेला नाका-ओठाचा तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत. यातली कुठलीच गोष्ट पैशाची नाही.

श्रीपूरहून अकलूज जवळ. तिथं रक्त थांबतं, श्वास सांभाळला जातो. पण फुटलेला चेहरा उभा करायचा तर सोलापूर गाठावं लागतं, म्हणजे पंढरपूरवरून शंभर किलोमीटरच्या वर. नाहीतर त्याहून लांबचं पुणं. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे आणि तिनं कितीतरी जीव राखले आहेत. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे; सोलापूरकरांच्या तोंडी ते नुसतं ‘सिव्हिल’.

स्फोटाचा रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर येतो तेव्हा पहिलं काम शिवणकामाचं नसतं, धुण्याचं असतं. तलवारीचा वार, कोयत्याचा घाव स्वच्छ असतो; कडा जुळवल्या की जुळतात. स्फोट एकाच वेळी चार गोष्टी करतो. हवेचा दाब कानाचे पडदे फाडतो आणि फुप्फुसाला मारतो. खडकाचे, धातूचे कण गोळीसारखे आत घुसतात. धक्का माणसाला उचलून आपटतो. आणि वर जाळ भाजतो. म्हणून चेहरा दिसायला कितीही भयंकर असला तरी चांगले डॉक्टर आधी चेहऱ्याकडं बघत नाहीत. श्वास, रक्तस्राव, मानेचे मणके, मेंदू, छाती, पोट आणि मग डोळे, हा क्रम मोडत नाहीत.

मग धुणं. भूल दिलेली असते. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतत, मऊ ब्रशानं, काही ठिकाणी सुईच्या टोकानं, कातडीतले काळे कण एकेक करून काढायचे. दारूचे आणि खडकाच्या भुकटीचे हे कण पहिल्या एक-दोन दिवसांत निघाले तर निघाले. कातडी त्यांच्यावर भरून आली की ते गोंदणासारखे कायमचे बसतात. निळसर-काळ्या ठिपक्यांनी भरलेले गाल आणि कपाळ घेऊन माणूस उरलेलं आयुष्य काढतो. पुढं लेझरनं थोडं हलकं होतं, पूर्ण जात नाही. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल असं हे दोन-तीन तासांचं काम. पुढच्या साऱ्या शस्त्रक्रियांइतकंच त्याचं मोल आहे आणि गर्दीच्या कॅज्युअल्टीत घाई होते ती नेमकी इथं. वरवर पुसून टाके घातले जातात आणि घाण आत शिवली जाते.

चेहऱ्याची एक दया अशी की त्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. हातापायाची स्फोटाची जखम डॉक्टर उघडी ठेवतात, मेलेला भाग सढळ हातानं कापून टाकतात. चेहऱ्यावर तसं करत नाहीत. बारीकशा देठावर लोंबणारा ओठाचा तुकडाही जगू शकतो, म्हणून तो जपतात. पापणीचा, नाकपुडीचा कण न कण जपतात, कारण तशी कातडी शरीरात दुसरीकडं कुठंच नाही. जे आज मेल्यासारखं दिसतं ते जगेल का, याचा निर्णय दोन दिवसांनी पुन्हा टेबलावर घेऊन करतात. हाडांचा हिशोब दातांवरून लागतो. वरच्या-खालच्या दातांना तारा बांधून ते एकमेकांवर नीट बसवले की तुटलेला जबडा आपल्या जागी येतो. मग टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू. सगळं हाडच उडालं असेल तर मात्र जोडायला काही उरत नाही. तिथून खरी लांबची वाट सुरू होते.

या वाटेचा उगम शोधत गेलं तर आपण पुण्यात येऊन पोहोचतो, आणि तेही एका गाडीवानापाशी.

१७९०-९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा कुणबी टिपूच्या लोकांच्या हाती लागला. इंग्रजांनी त्याचं नाव कावसजी असं नोंदवलं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापून टाकण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. ही क्रिया मुंबई इलाख्याच्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे सगळं छापून आलं.

तिथं दिलेली रीत वाचताना आजही थक्क व्हायला होतं. मेणाची पातळ चकती उरलेल्या खुंटावर बसवून नाकाचा आकार करायचा. ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलून उचलायची. मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टी तोडायची नाही. त्या पट्टीतूनच नव्या नाकाला रक्त मिळतं. खुंटाच्या कडा ताज्या करून, कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवायची आणि चिरेत बसवायची. पानात घालतो तो कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेली कापडं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्यांच्या वाती. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापायची. तोवर नव्या नाकानं आपली स्वतःची रक्तवाट धरलेली असते.

सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानानं माप घेऊन गालाच्या कातडीचं नाक करण्याचं वर्णन आहे. कपाळाची कातडी ही पुढच्या कारागिरांची भर. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यानं बघितलं त्याचं नाव राहिलं, ज्यानं चित्र काढलं त्याचं राहिलं, ज्याचं नाक कापलं त्याचंही राहिलं. ज्याच्या हातांनी काम केलं तो फक्त जातीवरून ओळखला गेला. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं ही हकिगत वाचली, वर्षानुवर्षं मनात घोळवली आणि १८१४ मध्ये स्वतः तशी शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही पद्धत युरोपभर गेली. आजही नाकाचा शेंडा गेलेल्या रुग्णाला जगातल्या कुठल्याही चांगल्या रुग्णालयात कपाळाची कातडी खाली वळवूनच नाक देतात, आणि मधला देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात. पंचविसाव्या दिवसापासून आपण फार लांब गेलेलो नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्यांचे चेहरे तोफगोळ्यांनी फोडले आणि एकेका नाकाचा प्रश्न हजारो चेहऱ्यांचा झाला. न्यूझीलंडहून आलेला हॅरल्ड गिलीज हा कान-नाक-घशाचा सर्जन. १९१७ मध्ये त्याच्या आग्रहानं लंडनजवळ सिडकपला फक्त चेहऱ्याच्या जखमांसाठी ‘क्वीन्स हॉस्पिटल’ सुरू झालं. तिथं पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. या दोन आकड्यांची सांगड महत्त्वाची आहे: एका माणसाला एक शस्त्रक्रिया पुरत नव्हती. विली व्हिकरेज नावाचा खलाशी १९१६ च्या जटलंडच्या लढाईत दारूच्या स्फोटात भाजला होता. पापण्या, नाक, ओठ सगळं गेलं होतं. ३ ऑक्टोबर १९१७ ला गिलीज त्याच्या छातीवरची कातडी उचलत होता. कातडीच्या कडा आपोआप आत वळताहेत असं त्याला दिसलं आणि त्यानं त्या एकमेकींना शिवून नळी केली. उघडी बाजू आत गेली, जंतुसंसर्ग टळला, रक्त वाहतं राहिलं. पेनिसिलिन यायला अजून बरीच वर्षं होती. या नळीनं असंख्य चेहरे वाचवले.

गिलीजची हारही सांगितली पाहिजे. लमली नावाचा तरुण वैमानिक, चेहरा संपूर्ण जळालेला. गिलीजनं छातीवरची मोठी कातडी उचलून एका फटक्यात अख्खा चेहरा झाकायचा प्रयत्न केला. ती सडली आणि १९१८ मध्ये लमली गेला. चेहरा टप्प्याटप्प्यानंच बांधावा लागतो, मधे शरीराला सावरायला महिनोन् महिने द्यावे लागतात, हे त्या मरणातून या शास्त्रानं कायमचं शिकून घेतलं. सिडकपचं आणखी एक देणं आहे. चेहऱ्यावरच शस्त्रक्रिया करायची तर भुलीचा मुखवटा ठेवायचा कुठं? आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी तिथं श्वासनळीत नळी घालून भूल देण्याची पद्धत घडवली. आज अकलूजला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेतही रुग्णाच्या घशात नळी जाते, तेव्हा ती त्या फुटक्या चेहऱ्यांच्या वॉर्डातून आलेली असते.

महाराष्ट्रात ही विद्या परत आली ती स्वातंत्र्यानंतर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला. इंग्लंडात गिलीजच्या परंपरेत शिकलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात बसकी झालेली नाकं उभी केली, पुढं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विभाग वाढवला. आणि डॉ. शरदकुमार दीक्षित. स्वतः अपघातानं अधू झालेले, कर्करोगानं स्वरयंत्र गमावलेले, चाकाच्या खुर्चीतून दरवर्षी न्यूयॉर्कहून येत आणि गावोगावच्या शिबिरांत फाटलेले ओठ, मिटलेल्या पापण्या मोफत दुरुस्त करत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चेहरा ही श्रीमंतांची हौस नाही, हे महाराष्ट्राला या माणसांनी हातानं करून दाखवलं.

आज उडालेल्या जबड्यासाठी गिलीजच्या त्या कातडीच्या नळीची गरज उरलेली नाही. पायाच्या नडगीशेजारी फिब्युला नावाचं बारीक हाड असतं. त्याचा मधला भाग काढून घेतला तरी माणूस चालतो. ऑस्ट्रेलियाच्या इयन टेलर यांनी १९७५ मध्ये हे हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह दुसऱ्या जागी लावून दाखवलं. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये त्याचा जबडा केला. दोन तुकड्या एकाच वेळी कामाला लागतात. एक पायापाशी हाड, त्यावरचा कातडीचा तुकडा आणि धमनी-शीर उचलते. दुसरी मानेत ती जोडायला वाहिन्या शोधते. सरळ हाडाला दोन-तीन ठिकाणी छेद देऊन हनुवटीचा बाक आणायचा. मग मायक्रोस्कोप. दोन-तीन मिलिमीटरची धमनी, केसाहून बारीक धागा, आठ-दहा टाके. चिमटा काढला की पांढरी पडलेली कातडी हळूहळू गुलाबी होते आणि थिएटरमधली माणसं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात.

आठ-दहा तासांच्या या कामाचं यश पुढच्या रात्री नर्सच्या हाती असतं. दर तासाला बॅटरी मारून बघायचं: रंग गुलाबी आहे की निळसर, हाताला ऊब लागते का, सुई टोचली तर येणारं रक्त लालभडक आहे की काळं. काळं आलं तर रात्री दोनलाही पुन्हा टेबल. अशी शस्त्रक्रिया करणारे हात महाराष्ट्रात आहेत. असा वॉर्ड, अशी रात्रपाळी, एका नर्सकडं मोजकेच रुग्ण, हे मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्मीळ आहे. सर्जन नेमला की काम झालं असं मानणाऱ्या आरोग्य खात्यानं इथं लक्ष द्यायला हवं.

आणि हाड बसलं म्हणजे चेहरा झाला असं नाही. दात रोवायचे. आक्रसलेला ओठ सैल करायचा, नाहीतर तोंडातून पाणी गळत राहतं, भाकरीचा घास धरता येत नाही. नाक. भुवई. गेलेल्या डोळ्याच्या जागी कृत्रिम डोळा, आणि तो बसण्याआधी खोबणीची दुरुस्ती. प्रत्येक टप्प्यामध्ये काही महिने. दोन-तीन वर्षं सहज जातात. विहिरीवर राबणारा किंवा ऊस तोडणारा माणूस इथंच सुटतो. जखम भरली, ताप नाही, जीव वाचला, आता पुन्हा कशाला? एकेका फेरीला सोबतीच्या माणसाचा रोज बुडतो, एस.टी.चं भाडं लागतं, पुण्यात राहायची सोय नसते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या पहिल्या आठांत सोलापूर होतं. भाजलेल्यांचे उपचार, अपघात, प्लास्टिक सर्जरी हे विभाग तिच्यात आहेत आणि तिचा गरिबांना मोठा आधार झाला आहे. पण योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते. बुडालेला रोज कुणी देत नाही. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचे रुग्ण पुष्कळ आणि चौथीचे विरळा.

त्यात गावाची नजर. सिडकपला रुग्णालयापासून गावात जाणाऱ्या रस्त्यावर काही बाकं निळ्या रंगानं रंगवली होती. तिथं बसलेल्या माणसाचा चेहरा बघून दचकाल, अशी ती पूर्वसूचना. वॉर्डांत आरसे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात गिलीजचाच नातलग आणि शिष्य आर्चिबाल्ड मॅकिंडो यानं ईस्ट ग्रिन्स्टेडला उलटी वाट धरली. त्यानं गावकऱ्यांना विनवलं की माझी पोरं रस्त्यावर येतील, दुकानात येतील, त्यांच्याकडं टक लावू नका, त्यांना घरी बोलवा. गावानं ऐकलं. भाजलेल्या वैमानिकांनी १९४१ मध्ये आपला क्लब काढला, त्याचे ६४९ सभासद झाले, त्यातले कित्येक कामाला लागले, त्यांची लग्नं झाली. दोन्ही गावांत शस्त्रक्रिया उत्तम होत होत्या. ईस्ट ग्रिन्स्टेडनं वर आपली दारंही उघडी ठेवली. आपल्याकडं बायकोनं तोंडावर पदर घेऊन राहावं आणि नवऱ्यानं मफलर गुंडाळून, असाच दंडक पडलेला आहे. स्फोटात चेहरा गेलेल्या बाईला तर लग्नात हळदीलाही बोलवायला लोक कचरतात.

कायदा या माणसांना काय देतो, हे तपासताना मला सगळ्यांत जास्त चीड आली. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. चेहऱ्याला त्या तक्त्यात जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यानं विद्रूप झालेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तो असायलाच हवा. पण सुरुंगानं तेच झालं तर, डोळा वा कान अधू झाल्याशिवाय, त्या व्यक्तीला विद्रूपतेसाठी दिव्यांग मानलं जात नाही. ॲसिडनं जळालेला ओठ आणि स्फोटानं फाटलेला ओठ भाकरी खाताना सारखाच त्रास देतो.

याउलट इंग्रजांच्या काळातला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा बघा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात पूर्ण अपंगत्वाच्या यादीत, दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावण्याच्या पंक्तीला, चेहऱ्याची अति गंभीर विद्रूपता बसवलेली होती. शंभर टक्के. ही ओळ लिहिणाऱ्यांना कळलं होतं की असा चेहरा घेऊन फिरणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही ओळ टिकली आहे. मालकाच्या धंद्यासाठी स्फोटकं हाताळणारा कामगारही कायद्याच्या कक्षेत येतो. अडतं ते पुढं. विहिरीचं काम तोंडी ठरलेलं असतं, हजेरीपट नसतो. मालक म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो तो माझा माणूसच नव्हे. हक्क असून तो मागायला कुणी जात नाही, कारण ती ओळ कायद्यात आहे हे कामगाराला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून काही मागण्या आहेत. राज्यानं शेतकरी अपघात योजनेच्या तक्त्यात चेहऱ्याच्या गंभीर विद्रूपतेची नोंद करावी. शब्द शोधायचीही गरज नाही, सामाजिक सुरक्षा संहितेत ते तयार आहेत. दिव्यांग कायद्यात स्फोट आणि भाजणं यांनी आलेली विद्रूपता घालावी, यासाठी आपल्या खासदारांनी बोलावं. जन आरोग्य योजनेत पुढच्या फेऱ्यांचं प्रवासभाडं आणि बुडालेल्या रोजाची काही भर असावी. विहीर काढणाऱ्या शेतकऱ्यानं काम देताना ठेकेदाराचा परवाना बघावा, कामावरच्या माणसांची नावं कागदावर लिहून घ्यावीत, आणि एखादा बार कमी वाजला तर त्या दिवसाचा रोज देऊन सगळ्यांना वर बसवावं. एका दिवसाचा रोज आणि यारीचं भाडं, याहून जास्त नुकसान त्यात नाही.

आणि हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत असा एखादा माणूस असेल, ज्याची जखम भरली पण चेहरा अर्धवट राहिला, जो गेली पाच-सात वर्षं मफलर लावून फिरतो आहे, तर त्याला भेटा. दिवाळीला घरी फराळाला बोलवा. नंतर एक दिवस मोकळा काढून, जुने कागद आणि रेशनकार्ड घेऊन, त्याला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा पुण्याच्या ससूनमध्ये घेऊन जा आणि प्लास्टिक सर्जरीची ओपीडी कोणत्या वारी असते ते खिडकीवर विचारा. उशीर झाला असं समजू नका. कावसजीला नाक मिळालं तेही वर्षभरानंतर; आजच्या शस्त्रक्रियेनं दहा वर्षांचा जुना चेहराही दुरुस्त करता येतो.